चपला काढायच्या कुठं?

ऑकलंडला बहिणीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. दोन दिवस सलग पाऊस, घरात बसून वैताग आला म्हणून तिथल्या वॉर मेमोरियल म्युझियमला गेलो. आत एका हॉलमधे चक्क एक आख्खं लाकडी घर उभं आहे, होतुनुई त्याचं नाव, आणि दारातच सूचना की बूट काढून आत या. गोरे, चिनी, आपले देशी, सगळे मुकाट्याने वाकून लेस सोडतायत. मला तर देवळाच्या पायरीशी उभं राहिल्यासारखंच वाटलं, मोजा फाटका नाही ना एवढं बघितलं आणि शिरलो.

आत भिंतींना ओळीने कोरलेल्या जाड फळ्या, प्रत्येकीवर एकेक माणूस, कुणाची जीभ बाहेर, डोळ्यात शिंपल्याचा चकाकता तुकडा, अंगभर गोल गोल नक्षी. पहिल्यांदा बघणारा याला देव समजतो, पण हे पूर्वज आहेत, नावगाव असलेले. आणि ते घर पण नुसतं घर नाही, होतुनुई हाच मुळात एक पूर्वज, आढं म्हणजे त्याचा कणा, वासे म्हणजे फासळ्या, पुढच्या बाजूला उतरत आलेल्या दोन फळ्या म्हणजे त्याने पसरलेले हात, वर शेंड्यावर चेहरा. म्हणजे आत शिरलात की तुम्ही त्याच्या पोटात. माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, अशा बहुतेक सभाघरांची हीच रचना, त्याला ते फारेनुई म्हणतात. हे होतुनुई १८७८ साली न्गाती आवा कुळाच्या लोकांनी आपल्या मुलीच्या लग्नात तिच्या सासरच्या न्गाती मारू लोकांना बांधून दिलं. आपल्याकडे रुखवतात फार तर साखरेचं तुळशीवृंदावन असतं, यांनी सगळे वाडवडील कोरून घरच पाठवलं!

तिथून बूट घालून पॅसिफिकच्या दालनात गेलो तर समोर कावे. नुकुओरो नावाचं मायक्रोनेशियात एक इवलंसं प्रवाळ बेट आहे, तिथली ही बाई. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात त्या झाडाच्या लाकडाची, माणसापेक्षा उंच, अंड्यासारखं गुळगुळीत डोकं, ना डोळे, ना नाक, ना तोंड. नुकुओरोवर अशा मूर्ती म्हणजे देवता आणि देवत्वाला पोचलेले पूर्वज, एकेका कुटुंबाशी जोडलेले, त्यांना नैवेद्य असायचा, उत्सवात नवी फुलं आणि वस्त्रं असायची. आज जगभरात मिळून चाळीससुद्धा उरल्या नाहीत. मी तिच्यासमोर दहा मिनिटं उभा होतो आणि मग लक्षात आलं की माझ्या पायात बूट आहेत. कुणी काढा म्हटलं नव्हतं, माझ्या पण डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून हे डोक्यात अडकलंय. एकाच इमारतीत, दोन मिनिटांच्या अंतरावर, दोन्ही लाकडाचे, दोन्हीकडे कुणाचे तरी वाडवडील, मग एकाला पूर्वजाचा मान आणि दुसरीला शिल्पाचा, असं का? कारण साधं आहे, माओरी लोक त्याच देशात राहतात, मतं देतात, आणि त्या म्युझियमच्या कारभारात १९९६ च्या कायद्याने त्यांची सल्लागार समिती आहे. नुकुओरोची वस्ती काही शे माणसांची, हजारो किलोमीटर लांब, दाराशी उभं राहून "बूट काढा" म्हणायला त्यांचं तिथं कोण आहे? म्युझियमवाले वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण कोरलेलं लाकूड पूर्वज ठरणार की वस्तू हे ज्याच्या ताब्यात ते आहे तोच ठरवत आलाय, आणि माझा सगळा वाद एवढ्याच मुद्द्याचा आहे. परत द्यायचं की ठेवायचं हे नंतरचं. आधी हे कुणी ठरवायचं ते ठरवा. माझं मत असं की ते नातेवाइकांनी ठरवायचं, मग त्यांनी काहीही ठरवलं तरी, आपल्याला ते पटलं नाही तरी.

आता कुणी म्हणेल की त्यात काय एवढं, चोरलंय ते परत द्यावं हे तर सगळेच म्हणतात. नाही, हे वेगळं आहे. चोरीचा हिशेब इथं पुरत नाही, कसं ते सांगतो.

आधी जिथं तो पुरतो अशी गोष्ट बघू. त्याच न्गाती आवा कारागिरांचं दुसरं घर, माताआतुआ. फाकाताने नावाच्या गावी १८७५ ला उभं राहिलं. त्याआधी दहाच वर्षांपूर्वी सरकारने या लोकांची जमीन मोठ्या प्रमाणात जप्त केली होती, म्हणजे विस्कटलेलं कूळ पुन्हा एका छपराखाली यावं म्हणून बांधलेलं ते घर. चारेक वर्षं झाली तोच सरकारने ते उचललं आणि १८७९ च्या सिडनीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला पाठवलं. तिथं काय केलं? भिंती उलट्या लावल्या! नक्षी आतल्या बाजूला, मग लोकांना बाहेरून दिसणार कशी, म्हणून आतलं बाहेर केलं. घर म्हणजे पूर्वजाचं शरीर हे लक्षात ठेवून विचार करा, कुणाच्या तरी आजोबांना आतून बाहेर उलटं करून जत्रेत उभं केलं. पुढं मेलबर्न, मग लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममधे, तेच आत्ताचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, तिथं कित्येक वर्षं गोदामात, १९२४ ला वेम्बलीच्या ब्रिटिश एम्पायर प्रदर्शनात बाहेर काढलं, १९२५ ला न्यूझीलंडच्याच पण दुसऱ्या टोकाला डनीडिनला, आणि तिथल्या ओटागो म्युझियममधे बसेना म्हणून कापून बसवलं. १९९६ ला परत द्यायचं ठरलं, आणि सप्टेंबर २०११ मधे फाकातानेत ते पुन्हा उघडलं. १८७९ ते २०११, १३२ वर्षं. जी पिढी घर जाताना बघत होती तिची पणतवंडं ते येताना बघायला होती.

इथं चोरी की नाही यावर फार डोकं लढवायची गरज नाही, सरळ दिसतं. आता दुसरी बाजू. रुरुतू नावाचं बेट, ताहितीच्या दक्षिणेला, फ्रेंच पॉलिनेशियात. तिथला आ'आ हा बहुतेक पॅसिफिकमधला सगळ्यात नावाजलेला लाकडी पूर्वज असेल, उंची ११७ सेंटीमीटर, आणि त्याच्या अंगावर ३० छोटी छोटी माणसं चिकटलेली आहेत, म्हणजे डोळे, नाक, तोंड, कान सगळं त्या माणसांचंच बनलंय, एका शरीरातून सगळं कूळ उगवतंय असं. पिकासोने याची प्रतिकृती घरी ठेवली होती, हेन्री मूरकडे पण होती. पाठीमागून झाकण निघतं, आत पोकळ. पूर्वजाची कवटी आणि हाडं ठेवायचं हे पात्र असावं असं अलीकडचे अभ्यासक मानतात. आणि लाकूड तपासलं तर ते चंदन निघालं, हे वाचून मला उगीचच जवळचं वाटलं.

हा आ'आ कुणी लुटून नेला नाही. १८२१ ला रुरुतूवरच्या लोकांनी स्वतः होडीत घालून राइआतेआ बेटावरच्या मिशनऱ्यांना नेऊन दिला, आम्ही आता ख्रिस्ती झालो, हे आमचे जुने देव, घ्या. प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर पाठ उघडली तर आत आणखी २४ लहान मूर्ती होत्या, त्या आता राहिल्या नाहीत, नंतर नष्ट केल्या गेल्या. आ'आ लंडन मिशनरी सोसायटीच्या म्युझियममधे गेला, सैतानी धर्मावरच्या विजयाची निशाणी म्हणून, १८९० ला ब्रिटिश म्युझियमकडे उसना आणि १९११ ला विकत. कागदावर बघाल तर एकदम स्वच्छ व्यवहार, देणाऱ्याने दिला, घेणाऱ्याने घेतला, पुढच्याने पैसे मोजले. चोरीचाच हिशेब लावायचा तर फाइल बंद.

पण त्याच वेळी रुरुतूवर काय चाललं होतं? बाहेरून आलेल्या साथीच्या रोगांनी बेट ओस पडत चाललं होतं, माणसं पटापट मरत होती, त्यातूनच जीव वाचवायला आउउरा नावाचा सरदार होडी घेऊन निघाला, भरकटत जाऊन मिशनऱ्यांच्या बेटावर पोचला, आणि तिथली माणसं धडधाकट बघून त्याला वाटलं की यांचा देव खरा. घरात एकामागून एक मयत होत असताना माणूस देवघर बदलतो, कुणीही बदलेल. त्याला "स्वखुशीने दिलेली भेट" म्हणणं खोटं नाही, पण पूर्ण खरं पण नाही. आणि धरून चाला की पूर्ण खुशीने दिला, तरी एका पिढीने घाबरून घराबाहेर काढलेला आजोबा पुढच्या दहा पिढ्यांचा आजोबा राहत नाही का? वस्तू दिली की नातं संपतं. माणूस दिला, दत्तक दिला म्हणा हवं तर, तरी संपत नाही, विचारपूस करायचा हक्क उरतोच. म्हणून मी म्हणतो की चोरीवर सगळा वाद उभा करू नका, आ'आसारख्या केसमधे तो लगेच कोसळतो आणि मग समोरचा म्हणतो बघा, आमचं सगळं कायदेशीर आहे.

बरं, समोरच्याचा दुसरा आवडता मुद्दा: आम्ही जपलं म्हणून टिकलं, नाहीतर वाळवीने खाल्लं असतं. हा मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की टिकणं ही चांगलीच गोष्ट.

न्यू आयर्लंड म्हणून पापुआ न्यू गिनीचं बेट आहे, तिथं मालागान कोरतात. माणूस गेल्यावर, कधी कधी कित्येक वर्षांनी, त्याचा शेवटचा मोठा विधी होतो, त्यासाठी महिनोन् महिने खपून आरपार जाळीदार कोरीवकाम करायचं, मासे, पक्षी, साप, माणूस सगळं एकात एक गुंतलेलं, रंगवायचं, मग विधीच्या दिवशी लोकांसमोर उघडायचं, डुकरं कापायची, शंखाचे पैसे द्यायचे, आणि ज्यांनी ज्यांनी ते बघितलं आणि मोबदला दिला त्यांच्याकडे ते रूप पुन्हा कोरण्याचा हक्क जातो. आणि मूर्तीचं काय? काम झालं. कुजायला टाकतात, जाळतात. जर्मन लोक तिथं राज्य करत होते, पहिल्या महायुद्धापर्यंत, त्यांना हे लोक मालागान आनंदाने विकायचे, कारण विकणं पण टाकून देण्यासारखंच, बेटावरून गेलं म्हणजे झालं. हजारोंनी युरोपला गेले. ज्यांनी टाकलं ते तिकडे विसरायला मोकळे, आणि ज्यांनी उचललं ते काचेत घालून प्रखर दिवा नको मंद लावा म्हणून काळजी घेतायत. आपला गणपती अनंत चतुर्दशीला पाण्यात जायच्या आधी कुणी साहेबाने उचलून लंडनला नेला असता आणि शंभर वर्षांनी म्हणाला असता की बघा, आम्ही नसतो तर हा बुडाला असता, तर आपण हसायचं की रडायचं?

पश्चिम न्यू गिनीतले अस्मत लोक, आता इंडोनेशियात येतात, त्यांचे बिस नावाचे उंच खांब, एकाच खारफुटीच्या झाडातून कोरलेले, एकावर एक उभे पूर्वज, आणि वरच्या टोकाला झाडाचं मूळ तसंच ठेवून पंखासारखं पुढं काढलेलं. सोहळा संपला की ते साबुदाण्याच्या ताडाच्या रानात नेऊन टाकायचे, तिथं कुजले की त्यांची शक्ती त्या झाडांत उतरते आणि तीच झाडं खाऊन माणसं जगतात. म्हणजे कुजणं हा त्या खांबाचा शेवट नाही, तेच त्याचं काम. हे खांब गोळा करायला गेलेला मायकल रॉकफेलर, अमेरिकेतल्या त्या अब्जाधीश घराण्यातला पोरगा, २३ वर्षांचा, नोव्हेंबर १९६१ मधे तिथंच नाहीसा झाला, कधी सापडला नाही. त्याने जमवलेले खांब न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे त्याच्या नावाच्या विंगमधे उभे आहेत. मी फोटोत बघितलेत, अफाट सुंदर आहेत, खोटं कशाला बोलू. पण ते सुंदर दिसतायत याचा अर्थ अर्ध्यात अडकलेत, असं पण एक मन म्हणतं.

यावर लगेच कुणी म्हणू नये की मग काय सगळं परत नेऊन कुजवायचं का. नाही! मालागानवाल्यांना ते नकोच आहेत बहुतेक, त्यांचं त्यांनी उरकलंय, नवे कोरता येतात, हक्क डोक्यात जपलेला असतो. त्यांना विचारलं तर कदाचित म्हणतील ठेवा तुम्हीच. मला तेच हवंय, की विचारलं जावं. आपल्या देवघरातले टाक बघा, कुलदैवताचे, वीराचे, घरातल्या गेलेल्यांचे, चांदीचे पातळ पत्रे, पूजा करून करून नाकडोळे झिजतात, मग सोनाराकडे देऊन मोडतात आणि नवे करून घेतात. कुणी अभ्यासक येऊन म्हणाला की हा दोनशे वर्षांचा टाक मोडू नका, हा राष्ट्राचा ठेवा आहे, तर आजी काय म्हणेल?

आता माझ्या बाजूची खरी अडचण. नातेवाइकांनी ठरवायचं म्हणता, पण नातेवाईक म्हणजे कोण, आणि त्यांचं आपापसात पटतंय का? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण याची उत्तरं काही वेळा फार वाईट निघालीत.

हवाईत कावाइहाए इथल्या गुहेत १९०५ ला फोर्ब्स नावाच्या माणसाला पुरलेल्या वस्तू सापडल्या, त्यात लाकडी पूर्वज मूर्ती पण होत्या, त्या होनोलुलूच्या बिशप म्युझियममधे गेल्या. २००० साली म्युझियमने त्यातल्या ८३ वस्तू हवाईच्याच लोकांच्या एका संघटनेला दिल्या, कागदावर उसन्या म्हणून, आणि संघटनेने त्या नेऊन परत गुहेत ठेवून तोंड बंद करून टाकलं. झालं, दुसऱ्या हवाईयन घराण्यांनी, संघटनांनी कोर्टात धाव घेतली, आमचे पण पूर्वज आहेत, आम्हाला कुणी विचारलं? जज म्हणाले जागा दाखवा, संघटनेचा नेता म्हणाला दाखवणार नाही, आणि डिसेंबर २००५ मधे तो त्यापायी जेलमधे गेला. २००६ ला वस्तू पुन्हा बाहेर काढल्या. सगळे एकाच रक्ताचे, सगळ्यांना पूर्वजांचं भलंच करायचं होतं, आणि या भांडणात कुणी काही चोरलं पण नव्हतं.

त्याहून अवघड गोष्ट पापुआ न्यू गिनीची. तिथली संसद १९८४ ला बांधली, गावातल्या पूर्वजांच्या घराच्या धर्तीवर, म्हणजे समोरून उंच टोकदार, आणि दारावरच्या तुळईवर प्रत्येक प्रांताचा एक असे १९ कोरलेले चेहरे. २०१३ च्या शेवटी संसदेच्या अध्यक्षांनीच, म्हणजे तिथल्याच माणसाने, हे सैतानी आहेत, देशाला यांचाच शाप आहे असं म्हणून ते उखडायला लावले. करवतीने. २०० वर्षांपूर्वी मिशनऱ्यांनी जे रुरुतूवाल्यांकडून करून घेतलं तेच आता आतून. म्युझियमचे संचालक कोर्टात गेले आणि २०१६ ला कोर्टाने सांगितलं की हे बेकायदा आहे, परत बसवा.

म्हणजे माझा सिद्धांत गेला का? मला नाही वाटत. अध्यक्षांनी काय चुकवलं, तर त्यांनी एकट्याने ठरवलं. १९ प्रांतांच्या लोकांना न विचारता. सिडनीच्या प्रदर्शनवाल्यांनी हेच केलं होतं. आणि ते थांबवलं कुणी? त्यांच्याच देशातल्या माणसांनी, त्यांच्याच कोर्टात. हवाईतलं भांडण पण तसंच. वारसांची भांडणं होणारच, आपल्याकडे अडीच गुंठ्यावरून भाऊ भाऊ तीस तीस वर्षं दिवाणीत खेटे घालतात, म्हणून कुणी शेजारी म्हणत नाही की तुमचं जमत नाही ना, मग सातबारा माझ्या नावावर राहू दे. म्युझियमं मात्र हेच म्हणतात, जरा पॉलिश भाषेत.

कायद्याचं बोलायचं तर इथं एक गंमत आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशाशी येऊन जोडला जातो. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात, मोतुनुई इथं, दलदलीत पाच कोरलेल्या फळ्या सापडल्या, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. जुन्या लढायांच्या काळात शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून पूर्वजांना दलदलीत लपवायची पद्धत होती, पाण्यात लाकूड टिकतं आणि सापडत नाही. त्या फळ्या चोरट्या मार्गाने देशाबाहेर गेल्या आणि जिनिव्हाच्या जॉर्ज ऑर्टिझ या संग्राहकाने १९७३ ला विकत घेतल्या. १९७७ ला ऑर्टिझच्या मुलीचं अपहरण झालं, खंडणी भरावी लागली, पैसे उभे करायला त्याने १९७८ ला लंडनमधे लिलाव काढला, आणि कॅटलॉगमधे बघून न्यूझीलंड सरकार जागं झालं. केस हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेली. १९८३ ला निकाल विरुद्ध. कारण ऐका, न्यूझीलंडच्या कायद्यात लिहिलं होतं की परवानगीशिवाय नेलेली वस्तू जप्त होईल, आणि कोर्ट म्हणालं की जप्त होईल म्हणजे प्रत्यक्षात पकडली तर होईल, आपोआप सरकारची होत नाही, तुम्ही देशातून जाताना पकडली नाही, मग विषय संपला. व्याकरणाच्या एका रूपावर पाच पूर्वज गेले. शेवटी ऑर्टिझ २०१३ ला वारल्यावर त्याच्या घरच्यांशी बोलणी करून, ४५ लाख न्यूझीलंड डॉलर मोजून, २०१५ ला ते घरी आले. तारानाकीत न्यू प्लिमथच्या पुके आरिकी म्युझियममधे आहेत आता.

यानंतर आठच वर्षांनी त्याच इंग्लंडच्या कोर्टात दुसरी केस. तमिळनाडूतल्या पत्तूर गावच्या पडक्या देवळाजवळ जमिनीत सापडलेला नटराज, १९७६ ला सापडला, हातोहात विकत लंडनला पोचला, एका कॅनडातल्या कंपनीने घेतला. १९९१ ला अपील कोर्टाने मान्य केलं की भारतीय कायद्यात देऊळ ही व्यक्ती आहे, तिला दाद मागता येते, आणि नटराज घरी आला. फरक बघा. न्यूझीलंड गेलं होतं मालमत्तेचा मालक म्हणून आणि हरलं. पत्तूरचं देऊळ गेलं ते व्यक्ती म्हणून आणि जिंकलं. देव ही कायद्याने व्यक्ती असते, तिच्या नावावर जमीन असते, ती केस करते, हे आपल्याला लहानपणापासून इतकं सवयीचं आहे की त्यात काही विशेष आहे हेच कळत नाही. असाच विचार पुढं माओरींनी पण त्यांच्या पद्धतीने वापरला, २०१७ च्या कायद्याने व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्ती केलं, कारण ती त्यांची पूर्वज आहे, "मी नदी आहे, नदी मी आहे" अशी त्यांची जुनी म्हण आहे. नदी व्यक्ती होऊ शकते तर आ'आ का नाही? मला तर वाटतं हाच खरा रस्ता आहे, आ'आला व्यक्ती माना आणि रुरुतूवाल्यांना त्याचे पालक. मग तो लंडनला राहिला तरी पाहुणा म्हणून राहील, कुणाच्या तरी परवानगीने.

ब्रिटिश म्युझियम यावर म्हणेल आमचे हात बांधलेत, १९६३ चा कायदा आहे, संग्रहातली वस्तू कायमची देता येत नाही. खरंय ते, मोजके अपवाद सोडले तर. म्हणून उसनं देतात. आपल्याला हे नवीन नाही, २०२४ च्या जुलैत वाघनखं साताऱ्याला आली ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून तीन वर्षांच्या बोलीवरच आली. ती नक्की कुणाची हा वाद बाजूला ठेवा, पण आपण ढोल वाजवले आणि कागदावर सही केली ती उसनं घेणाऱ्याची. मनाला लागतं ना? पॅसिफिकवाल्यांना हे अनुभव पोत्याने आहेत.

आणि आपण फार शहाणे असल्याचा आव आणू नये. परदेशातून मूर्ती परत आल्या की आपल्याकडे बातम्या होतात, फोटो होतात, मग पुढं? त्यातल्या कित्येक दिल्लीच्या पुराना किल्ल्यात, जप्त आणि परत आलेल्या वस्तूंच्या दालनात जाऊन बसतात. म्हणजे परदेशातल्या काचेतून देशी काचेत. गावच्या लोकांना विचारलं का? आणि मेळघाटात कोरकू लोक गेलेल्या माणसासाठी कोरलेला लाकडी मुंडा उभा करतात, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार. उद्या एखाद्याने "लोककला" म्हणून तो उचलून पुण्याच्या फार्महाउसवर गार्डनमधे लावला तर आपल्यातले किती जण त्याला घरी जाऊन बोलतील आणि किती जण विचारतील, कुठून आणलास रे, मस्त आहे?

तर मग सगळी म्युझियमं रिकामी होणार का, हा जो बागुलबुवा आहे त्यावर एकच उदाहरण देतो. इंग्लंडात सरे परगण्यात क्लॅन्डन पार्क नावाचा वाडा आहे, त्याच्या बागेत शंभराहून जास्त वर्षं एक माओरी घर उभं होतं, हिनेमिही. ही पण पूर्वज, बाई. १८८१ ला कोरलं, १८८६ ला तारावेरा ज्वालामुखी फुटला तेव्हा गाव गाडलं गेलं पण या घरात शिरलेली माणसं वाचली. १८९२ ला गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी ५० पौंडाला विकत घेऊन बागेची शोभा म्हणून नेलं. परत पाठवायची बोलणी झाली तेव्हा जो तोडगा निघाला तो मला फार आवडला: जुनं कोरीवकाम घरी जाणार, आणि बदल्यात माओरी कारागीर क्लॅन्डनसाठी नवं कोरून देणार. म्हणजे तिथं रिकामी जागा राहणार नाही, आणि जे उभं राहील ते दिलेलं असेल. न्गाती आवांनी होतुनुई दिलं होतं तसं.

हिनेमिहीबद्दल अजून एक गोष्ट वाचली ती सांगतो. पहिल्या महायुद्धात क्लॅन्डनचा वाडा दवाखाना केला होता आणि युरोपच्या आघाडीवर जखमी झालेले माओरी सैनिक तिथं उपचाराला आले. बागेत फिरताना त्यांना हे घर दिसलं, मोडकळीला आलेलं. त्यांनी बरं होता होता त्याची डागडुजी केली.